ज्याची नोंद, त्याची पैदास

वळू दूध देत नाही. तरीही गेल्या शंभर वर्षांत गाईच्या दुधात जी पिढीजात वाढ झाली, ती मुख्यतः वळूंच्या निवडीतून झाली. गाय आयुष्यात पाच-सात वेतं देते. एका वळूच्या रेतापासून मात्र हजारो, प्रसंगी लाखो वासरं जन्माला येतात. त्यामुळे कोणता वळू ठेवायचा आणि कोणता काढायचा, या प्रश्नाभोवती पशुआनुवंशशास्त्राची अख्खी शाखा उभी राहिली.

या शाखेपुढे तीन प्रश्न आहेत. जो गुण वळूत दिसतच नाही, तो त्याच्यात आहे हे ओळखायचं कसं? कोणते गुण हवेत, हे कोणी आणि कशाच्या आधारावर ठरवायचं? आणि आज केलेली निवड पुढच्या पन्नास वर्षांच्या उन्हात, चाराटंचाईत, रोगराईत टिकेल का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर शास्त्रज्ञांनी फार चांगलं दिलं. दुसऱ्यात जग चुकलं आणि चुकीतून शिकलं. तिसऱ्याचं उत्तर आपण आत्ता लिहितो आहोत. या तिन्ही उत्तरांचा आढावा घेताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: जनावराचा जो गुण वर्षानुवर्षं नोंदला जातो, तोच पैदाशीत वाढतो. ज्याची नोंद होत नाही, तो कितीही मोलाचा असला तरी हातातून निसटतो.

रिंगणातून वहीकडे

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिका-युरोपात चांगलं जनावर ठरायचं ते प्रदर्शनाच्या रिंगणात. कातडीचा रंग, शिंगांची ठेवण, पाठीची सरळ रेषा आणि नामांकित वंशावळ यांवर बक्षिसं मिळत. ही पद्धत मोडायला ज्यांनी आयुष्य वेचलं, त्यांत अमेरिकी संशोधक जे लश यांचं नाव पहिलं. १८९६ मध्ये आयोवा राज्यात जन्मलेले लश १९३० पासून आयोवा स्टेट कॉलेजात शिकवत होते. फिशर आणि स्यूअल राइट या शास्त्रज्ञांनी आनुवंशिकतेला संख्याशास्त्राचा जो पाया दिला होता, तो लश यांनी गोठ्यात आणला. १९३७ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘ॲनिमल ब्रीडिंग प्लॅन्स’ या पुस्तकावर जगभरातल्या पशुपैदासतज्ज्ञांच्या पिढ्या घडल्या.

लश यांचा मुद्दा सांगायला सोपा होता, पचवायला अवघड. दोन गाईंच्या दुधात फरक दिसतो, त्यातला काही भाग चारा, निगा आणि हवामान यांचा असतो आणि काही भाग आई-बापांकडून आलेला असतो. पुढच्या पिढीत उतरतो तो फक्त हा दुसरा भाग. दुधाच्या बाबतीत तो साधारण पाव ते एक तृतीयांश असतो. गाभण राहण्याच्या क्षमतेत तो पाच टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. म्हणजे एखाद्या गाईचं भरघोस दूध पाहून तिचा गोऱ्हा वळू म्हणून ठेवला, तर अंदाज बरोबर येण्याइतकीच चुकण्याचीही शक्यता. खरी परीक्षा लेकींची. त्या वळूच्या अनेक कालवडी वेगवेगळ्या गोठ्यांत मोठ्या होऊन विताव्यात, त्यांचं दूध मोजावं आणि मग बापाची किंमत ठरवावी. यालाच संततिपरीक्षण म्हणतात.

इथे एक मोठी अडचण येते. समजा, एका वळूच्या लेकी सधन गोठ्यात गेल्या आणि दुसऱ्याच्या दुष्काळी भागात. मग तुलना कशी करायची? एका शाळेचे मास्तर सढळ हाताने गुण देतात, दुसऱ्या शाळेचे हात राखून; दोन्हीकडच्या मुलांची एकच गुणवत्ता यादी लावायची असेल तर मास्तरांचा स्वभाव आधी वजा करावा लागतो. गाईंसाठी हे वजाबाकीचं गणित चार्ल्स हेंडरसन यांनी घडवलं. १९११ मध्ये आयोवातच जन्मलेल्या हेंडरसन यांनी १९४८ मध्ये आयोवा स्टेटमधून डॉक्टरेट घेतली आणि कॉर्नेल विद्यापीठात पुढची कारकीर्द केली. गोठा, हंगाम आणि व्यवस्थापन यांचा परिणाम वेगळा काढून प्रत्येक जनावराच्या पिढीजात गुणवत्तेचा अंदाज देणारी त्यांची पद्धत ‘ब्लप’ या नावाने ओळखली जाते. कल्पना १९५० च्या सुमारास तयार होती, पण हजारो जनावरांची आपसातली नाती एकाच गणितात बसवण्याचा सुटसुटीत मार्ग त्यांनी १९७६ मध्ये दिला आणि तोवर संगणकही हाताशी आले होते. आज गाईच काय, पिकं, जंगली झाडं आणि मत्स्यशेतीतले मासे यांची निवडही याच गणितावर चालते.

लश आणि हेंडरसन यांच्या कामातून कळतं की पैदासशास्त्र पहिल्या दिवसापासून नोंदींवर उभं आहे. शेतकऱ्याने दर महिन्याला मोजून लिहिलेलं दूध नसतं, तर हेंडरसन यांच्या समीकरणांना खाद्यच मिळालं नसतं.

एका वळूची ताकद, एका वळूचा धोका

कृत्रिम रेतनाचे प्रयोग विसाव्या शतकाच्या आरंभी रशियात इल्या इवानोव्ह यांनी मोठ्या प्रमाणावर केले. १९३६ मध्ये डेन्मार्कच्या शेतकऱ्यांनी त्यासाठी सहकारी संस्था काढली. खरी उलथापालथ झाली ती १९४९ मध्ये. पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स या ब्रिटिश संशोधकांना आढळलं की ग्लिसरॉल घातलं तर शुक्रजंतू गोठवूनही जिवंत राहतात. उणे १९६ अंश तापमानाच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवलेली रेतकांडी वर्षानुवर्षं टिकू लागली. वळू मेला तरी त्याची संतती होत राहिली. १९५० मध्ये एडिंबरोच्या ॲलन रॉबर्टसन आणि रेंडेल यांनी कृत्रिम रेतन आणि संततिपरीक्षण यांची सांगड कशी घालावी, याचं गणित मांडलं.

परिणाम थक्क करणारे होते. १९४४ मध्ये अमेरिकेत सुमारे २ कोटी ५६ लाख दुभत्या गाई होत्या. २००७ मध्ये त्या ९२ लाखांवर आल्या. याच काळात एका गाईचं वर्षाचं सरासरी दूध सुमारे २,०७४ किलोवरून ९,१९३ किलोवर गेलं. कमी गाईंत जास्त दूध आल्यामुळे एक किलो दुधामागचा कर्बभार ६३ टक्क्यांनी घटला. टिकाऊ पैदाशीचा विचार करताना ही बाजू विसरून चालत नाही. उत्पादकता वाढवणं हेही पर्यावरणाचं काम आहे.

पण याच यशात धोका होता. १९६२ मध्ये जन्मलेल्या ‘पॉनी फार्म अर्लिंडा चीफ’ या होल्स्टीन वळूच्या सुमारे १६,००० लेकी, पाच लाख नाती आणि वीस लाखांहून अधिक पणत्या झाल्या. एका काळात अमेरिकेतल्या होल्स्टीनच्या एकूण जनुकसंचाचा साधारण १४ टक्के भाग या एकट्या वळूकडून आलेला होता. त्याच्या रक्तात एक घातक जनुकबदल लपलेला होता. आई-बाप दोघांकडूनही तो आला तर गर्भ पोटातच मरतो. २०१६ मध्ये हा बदल नेमका सापडला, तेव्हा जगभर त्याने सुमारे पाच लाख गर्भपात घडवले असावेत असा अंदाज संशोधकांनी मांडला. चीफने दिलेल्या दुधाचा फायदा या नुकसानीपेक्षा कितीतरी मोठा होता, हेही त्यांनीच सांगितलं. तरीही प्रश्न उरतो. दुधाची नोंद होती, म्हणून दूध वाढलं. गर्भ राहिला की पडला याची नोंद तितक्या काटेकोरपणे होत नव्हती, म्हणून दोष अनेक पिढ्या वाहत राहिला.

यावरून एक मोजमाप महत्त्वाचं ठरलं. एखाद्या जातीची जनावरं किती, यापेक्षा त्यांच्यामागे वेगवेगळे पूर्वज किती, हे पाहावं लागतं. होल्स्टीन जातीच्या गाई अमेरिकेत लाखोंनी आहेत, पण आनुवंशिक विविधतेच्या हिशेबात ती जात शंभराहून कमी जनावरांच्या कळपाइतकी अरुंद झाली आहे. कळप मोठा दिसतो, पण पाया लहान असतो.

काय मोजायचं, हे बदलल्यावर

काय मोजायचं, या प्रश्नाचं सर्वात धीराचं उत्तर नॉर्वेने दिलं. १९३५ पासून काम करणाऱ्या तिथल्या शेतकऱ्यांच्या सहकारी पैदास संस्थेने १९७० च्या दशकात ठरवलं की गाईच्या आरोग्याचीही नोंद ठेवायची. १९७५ पासून प्रत्येक गाईचं आरोग्यपत्रक सुरू झालं आणि पशुवैद्याने केलेला प्रत्येक उपचार त्यावर चढू लागला. १९७८ पासून वळूची निवड करताना त्याच्या लेकींना कासदाह किती झाला, हे धरलं जाऊ लागलं. आपल्याकडे ज्याला शेतकरी दगडी म्हणतात, तोच हा रोग. त्याचा पिढीजात वाटा अगदी थोडा, म्हणून एका वळूच्या दोनशेच्या आसपास लेकी तपासाव्या लागत. अनेकांना हा खटाटोप व्यर्थ वाटला असता. नॉर्वेने तो दशकानुदशकं चालवला आणि ‘नॉर्वेजियन रेड’ ही गाय भरपूर दूध, चांगली गर्भधारणा आणि निरोगी कास यांसाठी जगभर ओळखली गेली.

आयर्लंडला हा धडा नुकसान सोसून मिळाला. १९८० आणि ९० च्या दशकांत तिथे उत्तर अमेरिकी होल्स्टीनचं रक्त वाढलं. दूध वाढलं, पण गवतावर चरणाऱ्या गाई वेळेवर गाभण राहीनात. २००१ मध्ये आयर्लंडने वळूंची क्रमवारीच नव्या निर्देशांकावर नेली. त्यात दुधासोबत गर्भधारणा आणि टिकाऊपणा यांनाही पैशात किंमत दिली गेली. अमेरिकेनेही १९९४ मध्ये गाईचं उत्पादक आयुष्य आणि २००३ मध्ये लेकींचा गाभण राहण्याचा दर आपल्या मूल्यांकनात घेतला. अलीकडे यादीत मिथेनही आला आहे. गाईच्या ढेकरातून निघणाऱ्या या वायूवर आधारित वळूंचं मूल्यांकन कॅनडाने २०२३ मध्ये होल्स्टीनसाठी सुरू केलं.

या देशांच्या गाई बदलल्या, कारण तिथल्या नोंदवहीतले रकाने बदलले. एकविसाव्या शतकात कोणते रकाने भरायचे, हा टिकाऊ पैदाशीचा खरा प्रश्न आहे.

जनुकांचं वाचन आणि त्याची मर्यादा

संततिपरीक्षणाची मोठी अडचण वेळेची. वळू वयात येतो, त्याचं रेत वापरतात, कालवडी जन्मतात, मोठ्या होतात, गाभण राहतात, वितात, दूध देतात. एवढं होईतो वळू पाच-सहा वर्षांचा झालेला असतो. एका शास्त्रज्ञाच्या तीस वर्षांच्या कारकिर्दीत अशा पाच-सहाच फेऱ्या बसतात.

२००१ मध्ये थिओ मोइविसेन, बेन हेज आणि माइक गोडार्ड या तिघांनी ‘जेनेटिक्स’ नियतकालिकात एक लेख लिहिला आणि वेळेचं हे गणित बदलून टाकलं. त्यांची कल्पना अशी: जनावराच्या डीएनएवर ठिकठिकाणी खुणेचे हजारो बिंदू असतात. ज्यांचं दूध आणि आरोग्य नोंदलेलं आहे, अशा जनावरांत प्रत्येक खुणेचा परिणाम मोजायचा आणि तो हिशेब नवजात वासराच्या डीएनएला लावायचा. म्हणजे वासरू जन्मताच त्याची पैदासक्षमता अंदाजता येते. त्या वेळी ही कल्पना कागदावरच होती. इतके बिंदू स्वस्तात वाचणारी यंत्रणाच नव्हती. २००७ च्या अखेरीस सुमारे पन्नास हजार बिंदू वाचणारी चिप आली. २००९ मध्ये अमेरिकेत होल्स्टीन आणि जर्सीसाठी जीनोम-आधारित मूल्यांकन अधिकृत झालं आणि त्याच वर्षी डॉमिनेट नावाच्या हेरेफर्ड गाईवरून वाचलेला गाईचा संपूर्ण जीनोमही प्रसिद्ध झाला. जिथे नव्या वळूच्या जन्मावेळी बापाचं वय साधारण सात वर्षं असे, तिथे हा काळ अडीच वर्षांच्या आत आला.

वेग वाढला, तसा जुना धोकाही वाढला. सगळे एकाच क्रमवारीतले वरचे वळू वापरू लागले, तर नात्यातली पैदास पूर्वीपेक्षा जलद वाढते. अमेरिकी होल्स्टीनमध्ये हे घडलं. याचा उपाय मोइविसेन यांनी १९९७ मध्येच मांडून ठेवला होता. नात्याची वाढ किती चालेल हे आधी ठरवायचं आणि त्या मर्यादेत प्रत्येक वळूचा वाटा किती असावा, हे गणिताने काढायचं. उपाय उपलब्ध आहे; तो लावायला आजचा थोडा फायदा सोडावा लागतो.

दुसरी मर्यादा आपल्यासाठी अधिक महत्त्वाची आहे. चिप जनुकांच्या खुणा वाचते. त्या खुणांचा अर्थ मात्र हजारो गाईंच्या प्रत्यक्ष नोंदींतूनच कळतो. परदेशी होल्स्टीनवरून काढलेला अर्थ आपल्या देवणी गाईला लागू पडत नाही. नोंदी नसतील तर महागातली महाग चिपही आंधळीच.

भारत: दूध आलं, वळूंचं काय?

भारतात कृत्रिम रेतनाची सुरुवात १९३९ मध्ये म्हैसूरच्या राजवाड्याच्या डेअरी फार्मवर झाली. पहिल्या पंचवार्षिक योजनेत कळीची गावं निवडून सुधारित वळू पुरवण्याची योजना आली. १९६० च्या दशकापासून विदेशी जातींशी संकर हा मुख्य मार्ग ठरला. केरळच्या डोंगरात स्विस सहकार्यातून ‘सुनंदिनी’ घडली, कर्नालला ‘करण स्विस’ आणि ‘करण फ्राइज’ घडल्या आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात होल्स्टीन, जर्सी आणि गीर यांच्या तिहेरी संकरातून ‘फुले त्रिवेणी’ आली.

महाराष्ट्रात संकर खेड्यापर्यंत नेण्याचं श्रेय फार मोठ्या प्रमाणात मणिभाई देसाई यांचं आहे. १९४६ मध्ये गांधीजींनी त्यांना उरळीकांचनला ठेवलं आणि ते तिथेच राहिले. गीर गाईंच्या संगोपनापासून सुरू झालेलं त्यांचं काम १९६७ मध्ये ‘बाएफ’ या संस्थेच्या रूपाने उभं राहिलं. त्यांची मूळ कल्पना साधी आणि लोकांच्या सोयीची होती. गाय माजावर आली की शेतकऱ्याने तिला मैलोन्‌मैल दवाखान्यात न्यायची नाही, तर रेतनसेवकाने दारात यायचं. भूमिहीन आणि कोरडवाहू कुटुंबांच्या हातात यातून दर आठवड्याला दुधाचा पैसा पडू लागला. १९८२ मध्ये मणिभाईंना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. संकराच्या मर्यादा मांडताना हे ऋण मान्य करायलाच हवं. लाखो घरांची चूल या दुधावर पेटली आहे.

१९९८ पासून भारत दूध उत्पादनात जगात पहिला आहे. २०२३-२४ मध्ये देशाचं उत्पादन २३ कोटी ९३ लाख टन होतं. त्यातला मोठा वाटा म्हशींचा आहे, हेही ध्यानात ठेवायला हवं. पण प्रति गाय दूध कमी आहे आणि त्याचं एक मूळ वळूंच्या निवडीत आहे.

संकराचा पहिला फायदा हमखास असतो. गावठी गाय आणि विदेशी वळू यांची पहिली पिढी दोन्हीकडचे गुण घेऊन येते आणि भिन्न रक्तं एकत्र आल्याचा जोमही तिला मिळतो. पुढच्या पिढीत संकर गाय संकर वळूकडेच भरवली, तर हा जोम निम्म्यावर येतो. त्यावर मात करायची तर तो संकर वळू पारखलेला हवा. तो पारखलेला नसेल, तर शेतकरी पुन्हा विदेशी रेतकांडी मागतो, विदेशी रक्ताचं प्रमाण वाढत जातं आणि गोचीडताप, उष्णतेचा ताण, पुन्हा पुन्हा उलटणारी गाय असे प्रश्न घरात येतात. विदेशी रक्त साधारण ५० ते ६२.५ टक्क्यांच्या आत ठेवावं, अशी शिफारस आपल्याकडे जुनी आहे. पण आपल्या गाईत नेमकं किती विदेशी रक्त आहे, हे बहुतेक गोठ्यांत कोणालाच सांगता येत नाही.

उपाय ठाऊक नव्हता असं नाही. १९८० च्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेने शेतकऱ्यांच्या गोठ्यांतच संकर वळूंचं संततिपरीक्षण सुरू केलं. उरळीकांचन, लुधियाना, त्रिशूर ही त्याची केंद्रं. गुजरातेत राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने १९८७ पासून सहकारी संघांबरोबर म्हशी आणि संकर गाईंसाठी असंच काम हाती घेतलं. ही कामं कष्टाची आहेत. परदेशातल्या मोठ्या गोठ्यात एकाच ठिकाणी पन्नास गाई मोजता येतात. इथे पन्नास गाईंसाठी वीस-पंचवीस घरं फिरावी लागतात, तीही पहाटे आणि संध्याकाळी धारेच्या वेळी. ज्या तरुण शास्त्रज्ञांनी आणि दूध मोजणाऱ्या कर्मचाऱ्यांनी हे केलं, त्यांच्या कष्टातूनच आपल्या देशातले पहिले पारखलेले संकर वळू निघाले. गरजेच्या मानाने मात्र हे काम अजून फार तोकडं आहे.

देशी जाती: अभिमान आणि वही

२०१९ च्या पशुगणनेत देशात १९ कोटी २५ लाख गोवंश मोजला गेला. त्यात संकरित व विदेशी ५ कोटी ४ लाख आणि देशी व गावठी १४ कोटी २१ लाख. आधीच्या गणनेपेक्षा देशी गोवंश सहा टक्क्यांनी घटला होता. देशी म्हणून मोजलेल्या जनावरांतही मोठा भाग ठरावीक जातीचा नसलेल्या गावठी गुरांचा आहे.

महाराष्ट्राचं वैभव इथे दिसतं. माणदेश, सोलापूर, सांगली, साताऱ्याचा काटक खिलार. लातूर-उदगीरची देवणी, तिचे वानेरा, बाळंक्या, शेवरा हे रंगप्रकार. नांदेडची लाल कंधारी. वर्धा-नागपूरकडची गवळाऊ. इगतपुरी आणि अकोले तालुक्यांच्या मुसळधार पावसात तेलकट कातडीच्या बळावर टिकणारी डांगी. अलीकडे नोंदणी मिळालेल्या कोकण कपिला आणि पूर्व विदर्भातली कठाणी, आणि शेजारी गोव्याची श्वेतकपिला. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने देशातल्या पन्नासहून अधिक गोजातींची नोंदणी केली आहे. पण जातीची नोंदणी झाली म्हणजे जातीतल्या जनावरांची नोंद झाली, असं नाही. पहिलं काम एका प्रमाणपत्राने होतं. दुसऱ्याला पिढ्या लागतात.

नोंदीने काय साधतं, हे आपल्याच गाईंनी ब्राझीलमध्ये दाखवलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९६० च्या दशकापर्यंत ओंगोल, गीर, कांकरेज तिथे गेल्या. ओंगोलची नेलोर झाली आणि ब्राझीलच्या मांसउद्योगाचा कणा बनली. दुधाळ गीरसाठी तिथल्या पशुपालक संघटनेने आणि एम्ब्रापा या सरकारी संशोधन संस्थेने १९८५ मध्ये संततिपरीक्षण सुरू केलं आणि ते आजवर चालू ठेवलं. भावनगरहून गेलेल्या ‘कृष्णा’ या वळूचं नाव तिथे आजही आदराने घेतलं जातं. त्यांच्या गीरमध्ये जो फरक पडला, तो काही दैवी चमत्कार नव्हे. त्यांनी दूध मोजलं, लिहिलं, त्यावरून वळू निवडले, आणि चाळीस वर्षं थांबले नाहीत.

पण ब्राझीलची नक्कल करून प्रत्येक देशी जातीत फक्त दूध शोधणं ही मोठी चूक ठरेल. डांगीचं मोल पावसात आणि चिखलात काम करण्यात आहे. खिलाराचं मोल त्याच्या वेगात आणि ताकदीत आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना कायदेशीर मान्यता कायम ठेवल्यापासून त्याला पुन्हा मागणी आहे. मात्र शर्यतीपुरती निवड झाली तर शांत स्वभाव आणि शेतकामाचा गुण मागे पडेल, हे आताच ओळखायला हवं. देवणी दूध आणि बैल दोन्हींसाठी. प्रत्येक जातीच्या वहीचे रकाने वेगळे असायला हवेत आणि ते त्या जातीचे पशुपालक बसून ठरवतील, तेव्हाच ते टिकतील.

देशी गाईंचे जे गुण उद्या सर्वांत जास्त लागणार आहेत, तेच आज सर्वांत कमी मोजले जातात. उन्हात चरण्याची क्षमता, गोचीड आणि गोचीडतापाला तोंड देणं, कमी व निकृष्ट चाऱ्यावर तग धरणं, दुष्काळानंतर पुन्हा सावरणं. जगाला त्यांची किंमत कळू लागली आहे. कॅरिबियन बेटांवरच्या सेनेपोल गुरांत आखूड, गुळगुळीत केसांचा आणि उष्णता सोसायला मदत करणारा एक जनुकबदल आहे. २०१४ मध्ये त्याचं नेमकं स्थान कळलं आणि २०२२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जनुकसंपादनातून तो गुण दिलेली जनावरं कमी धोक्याची ठरवली. आपल्या जातींत असे किती गुण असतील, हे शोधण्याची पहिली अट म्हणजे मोजणं.

ए-१, ए-२ दुधाच्या वादात मात्र आपली शक्ती वाया जाऊ नये. देशी गाईंच्या दुधात ए-२ प्रकारचं केसीन हे प्रथिन प्रामुख्याने असतं, हे खरं. पण ए-१ दुधाने रोग होतात, या दाव्याला युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २००९ च्या आढाव्यात कार्यकारणाचा आधार सापडला नाही. देशी गाय वाचवण्याची खरी कारणं तिच्या काटकपणात आहेत आणि ती पुरेशी भक्कम आहेत.

नवी साधनं, जुनं काम

साधनांची आज कमतरता नाही. देशी जातींच्या विकासासाठी २०१४ पासून राष्ट्रीय गोकुळ मिशन सुरू आहे. जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला आला आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिम इथे पंतप्रधानांच्या हस्ते गाईंसाठी ‘गौ चिप’ आणि म्हशींसाठी ‘महिष चिप’ देशाला मिळाली, आणि देशी बनावटीच्या लिंगनिर्धारित रेताचं तंत्रज्ञानही. या रेतामुळे सुमारे नव्वद टक्के कालवडी होतात. ट्रॅक्टरमुळे बैलाची गरज घटली आहे आणि २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. अशा वेळी गोऱ्ह्याचा भार पेलू न शकणाऱ्या शेतकऱ्यासाठी हे तंत्र मोलाचं आहे. पण कालवड हमखास मिळते म्हणून ती चांगली असतेच असं नाही. न पारखलेल्या वळूचं लिंगनिर्धारित रेत म्हणजे चुकीची निवड दुप्पट वेगाने पसरवणं.

म्हणून कामाचा क्रम उलटा हवा. आधी नोंद, मग चिप. आनुवंशिक सुधारणा पिढ्यांनी मोजली जाते आणि आपल्या योजना वर्षांनी. प्रकल्प संपला की दूध मोजणारा माणूस घरी जातो आणि वही बंद पडते. नॉर्वे, आयर्लंड, ब्राझील यांच्यात हवामान, जाती आणि श्रीमंती यांचं साम्य नाही. साम्य आहे ते न थांबलेल्या नोंदींचं आणि त्यांत शेतकऱ्यांच्या संघटनांच्या मालकीचं.

महाराष्ट्राने काय करावं, हे यातून सरळ निघतं. प्रत्येक देशी जातीच्या मूळ पट्ट्यात, अकोले तालुक्यात डांगीसाठी, उदगीरला देवणीसाठी, आटपाडीला खिलारासाठी, कायमस्वरूपी नोंदणी केंद्रं हवीत आणि ती योजनेच्या पैशावर नव्हे, तर नियमित तरतुदीवर चालावीत. नोंद देणाऱ्या पशुपालकाला त्या नोंदीचा मोबदला मिळावा, कारण तो शास्त्राला कच्चा माल पुरवतो. संकर गाईंसाठी पारखलेले संकर वळू वाढवावेत आणि रेतकांडीवर वळूची पैदासक्षमता आणि विदेशी रक्ताचं प्रमाण शेतकऱ्याला वाचता येईल असं छापावं. एका वळूच्या रेतकांड्या एका भागात किती वापरायच्या, याला मर्यादा हवी. आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या तरुणांसाठी या क्षेत्रात अशी नोकरी हवी, जिथे वीस-तीस वर्षं एकाच जातीवर काम करता येईल. लश आणि हेंडरसन यांची कारकीर्द लांब होती म्हणूनच फळली.

पशुपालकाच्या हातातलं कामही लहान नाही. रेतन करायला आलेल्या माणसाकडून वळूचा क्रमांक मागून घ्यावा. रेतनाची तारीख, गाय उलटली का, कधी व्याली, महिन्यातून एक दिवस मोजलेलं दूध, झालेला आजार, एवढं एका वहीत लिहावं. दूध संघांनी ही वही आपल्या संगणकात उतरवून घ्यावी आणि त्यातून निघालेलं उत्तर पुन्हा त्या गोठ्यात पोचवावं. दहा हजार गोठ्यांत हे दहा वर्षं झालं, तर महाराष्ट्राकडे स्वतःचे पारखलेले वळू असतील, आणि कोणती गाय आपल्या मातीत टिकते हे सांगायला आपल्याला दुसऱ्या कुठल्या देशाची क्रमवारी उघडावी लागणार नाही.